शिवी नसलेला द्वेष ओळखायचा कसा?

सांजवात

गेल्या वर्षी चार महिने मी एका संशोधन प्रकल्पासाठी मराठी पोस्टना लेबलं लावायचं काम केलं. संगणकाला द्वेषाचं लिखाण ओळखायला शिकवायचं तर आधी माणसांनी हजारो पोस्ट वाचून 'ही अशी, ती तशी' हे सांगावं लागतं. पडद्यावर एक पोस्ट यायची, खाली चार बटणं: द्वेष, अपमान, शिवीगाळ, यातलं काही नाही. तीच पोस्ट आणखी दोघांकडे जायची. तिघांपैकी दोघांचं जुळलं की लेबल पक्कं.

शिव्यांनी मला कधी अडवलं नाही. वाचून मन विटतं, पण शिवी ओळखता येते. मित्रानं मित्राला प्रेमानं घातलेली 'नालायका, किती दिवसांनी दिसतोस' ही शिवीसुद्धा ओळखता येते. अडायला झालं ते भलत्याच ठिकाणी.

एक पोस्ट अजून डोळ्यासमोर आहे. भंगार गोळा करत कॉलनीत फिरणाऱ्या 'त्या समाजाच्या' लोकांवर लक्ष ठेवा, असं तिच्यात लिहिलं होतं. त्यांची वस्ती कशी वाढतेय, घरटी पोरं किती, दहा वर्षांनी आपल्या मुलींना या रस्त्यानं एकटं जाता येईल का? शेवटी हात जोडलेली खूण आणि 'कुणाच्या भावना दुखवायच्या नाहीत, फक्त काळजी वाटते'. अख्ख्या पोस्टमध्ये एक अपशब्द नाही. मी 'यातलं काही नाही' दाबलं. आणखी एकीनंही तेच दाबलं. पोस्ट निर्मळ ठरली.

दिवाळीच्या आधी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जवळजवळ तोच मेसेज आला. पाठवणाऱ्या काकू तिसऱ्या मजल्यावरच्या, माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू करून देणाऱ्या. खाली धडाधड 'खरंय', 'सावध राहायला हवं'. दुसऱ्या दिवशी वॉचमननं आमच्या रद्दीवाल्या चाचांना फाटकावरच थांबवलं. अकरा वर्षं येतात ते. मी खाली गेले तेव्हा हातगाडीला टेकून उभे होते, काटा तसाच हातात धरून. म्हणाले, 'ताई, आधार दाखवा म्हणाले, दाखवलं. तरी आत सोडत नाहीत.' वर माझ्या बाल्कनीत त्यांच्यासाठीच बांधून ठेवलेला पेपरांचा गठ्ठा होता.

त्या रात्री मला ते बटण आठवलं. मी जी पोस्ट निर्मळ ठरवली होती, तिनंच चाचांना फाटकावर अडवलं होतं.

मग वाचत गेले. संशोधनात याला नाव आहे: फिअर स्पीच, भीतीची भाषा. आयआयटी खरगपूरचे पुण्यजय साहा, बिनी मॅथ्यू, अनिमेश मुखर्जी आणि त्यांच्यासोबत किरण गरिमेला यांनी २०२१ मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला. भारतातल्या राजकीय गप्पांच्या सुमारे ५,००० सार्वजनिक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांमधले २० लाख मेसेज त्यांनी गोळा केले आणि त्यातले २७,००० मेसेज माणसांच्या मदतीनं तपासून घेतले. सुमारे ८,००० मेसेज मुस्लिम समाजाबद्दल भीती पेरणारे निघाले. हे मेसेज इतरांपेक्षा वेगानं पसरत होते. त्यांत विखारी शब्द कमी असल्यामुळे द्वेष पकडायची नेहमीची यंत्रं त्यांना सोडून देत होती. इतिहासातला प्रसंग, लोकसंख्येचा आकडा, कुठल्या तरी गावची बातमी असं सगळं जोडून 'ते येताहेत' हे चित्र उभं केलं जात होतं.

पुढे २०२३ मध्ये यातल्याच काही संशोधकांनी गॅब नावाचं अमेरिकन व्यासपीठ तपासलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये ११ ज्यूंना मारणारा माणूस गोळीबाराआधी जिथे लिहून गेला, तेच हे गॅब. तिथे उघड द्वेष लिहिणाऱ्यांपेक्षा भीती लिहिणाऱ्यांना अनुयायी जास्त मिळत होते आणि साध्यासुध्या सदस्यांपर्यंत त्यांचाच हात जास्त पोचत होता. हे वाचून मला काकूच आठवल्या. शिव्या देणाऱ्या माणसाला आमच्या ग्रुपमधून काढला असता. काकूंना कोण काढेल?

मला इथे विचारायचंय ते हे: तुमच्या घरच्या, गावच्या, ऑफिसच्या ग्रुपवर हे कसं दिसतं? आणि तुम्ही काय करता?

निंबोणी

वाचून गलबललं. आमच्याकडे हे मेसेज 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स' अशा दोन बाणांसकट येतात आणि ते बाण कुणी बघतसुद्धा नाही. वाचतेय.

कोरा_कागद

सांजवात, तुमचा अनुभव खरा आहे आणि त्यातलं दुःखही. पण मला एक भीती आहे ती मांडतो.

शिवी निदान मोजता येते. 'भीतीची भाषा' ठरवणार कोण? काळजी आणि भीती यांच्यातली रेघ तुम्हालाच चार महिने ओढता आली नाही, मग ती पोलीस शिपायाला ओढायला सांगायची? नोव्हेंबर २०१२ मध्ये आपल्या पालघरला काय झालं ते विसरू नका. बाळासाहेब ठाकरे गेल्यानंतरच्या बंदबद्दल एका मुलीनं फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, दुसरीनं लाइक केलं, आणि दोघींना अटक. 'लोकांच्या भावना' हेच कारण होतं. त्या अटकेमुळेच 'आक्षेपार्ह' ऑनलाइन मजकुराबद्दल शिक्षा देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयापुढे गेलं आणि मार्च २०१५ मध्ये रद्द झालं. संशोधकांनी नवी व्याख्या दिली की सरकारच्या हातात नवी काठी येते. ती कुणाच्या पाठीवर बसेल हे त्या त्या वेळचं सरकार ठरवतं.

दुसरं, तुम्ही सांगितलेल्या अभ्यासातले हे सगळे सार्वजनिक ग्रुप आहेत, ज्यांची लिंक कुठेतरी टाकलेली असते. तुमच्या सोसायटीचा ग्रुप त्यात येतच नाही. सायमन शोशार आणि गरिमेला यांनी पुढे उत्तर प्रदेशातले एका पक्षाचे स्थानिक ग्रुप आतून तपासले, तेव्हा द्वेषाचा आणि खोट्याचा वाटा लोक समजतात त्यापेक्षा बराच कमी निघाला. तेव्हा सगळं समाजमन सडलंय अशी घाई नको.

हडसर

मी पुण्यात मराठी भाषेच्या संगणकीय प्रक्रियेत काम करतो, त्यामुळे बटणांबद्दल थोडं.

२०२२ मध्ये पुण्याच्या एल३क्यूब गटानं महाहेट हा मराठी ट्विटांचा संच खुला केला. २५,००० हून जास्त ट्विटं आणि वर सांगितलेत तसेच चार वर्ग. त्याआधी मोल्ड नावाचा अडीच हजारांच्या आसपासचा संच होता. मराठीसाठी ही मोठी गोष्ट आहे, कारण त्याआधी आपल्या भाषेत हात घालायला फारसं काही नव्हतंच. २०२१ मध्ये फेसबुकमधल्या फ्रान्सिस हॉगन यांनी बाहेर काढलेल्या कागदपत्रांत हिंदी आणि बंगालीसाठीसुद्धा द्वेष ओळखणारी यंत्रं पुरेशी नव्हती असं कंपनीच्या आत लिहिलेलं सापडलं. मराठीचा नंबर कुठे लागला असेल बघा.

पण यंत्राला काय शिकवणार? आपल्याकडचा विखार फार सभ्य कपडे घालून येतो. 'सरकारचे जावई' घ्या. यंत्राला त्यात एक सरकार आणि एक जावई दिसतो, म्हणजे मानाचा माणूस. आरक्षणातून शिकलेल्या मुलाला ते ऐकताना काय होतं हे कोणत्या शब्दकोशात आहे? 'शांतिप्रिय समाज' हा मुस्लिमांना मारलेला टोमणा वाचून यंत्र खूश होतं. त्यात निम्मी मराठी रोमन लिपीत, उरलेली चित्रावर चिकटवलेली. मालवणी किंवा अहिराणी आली की संपलं.

आणि तिघांतल्या दोघांचं जुळलं की खरं, ही पद्धतसुद्धा मला खटकते. ती पोस्ट वाचणाऱ्या तिघांत एक जण जरी त्या वस्तीतला असता तर? बहुमतानं लेबल पक्कं करताना त्याचं उत्तर पुसलंच गेलं असतं. आता काही संशोधक मतभेद पुसून न टाकता जपून ठेवतात, तिघांचीही उत्तरं तशीच ठेवतात. माझ्या मते तोच बरोबर रस्ता. कोण दुखावलं हे माहीत नसेल तर द्वेष मोजता येत नाही.

भीमाकाठ

मी मंगळवेढ्याकडचा. इथे सगळे संच, वर्ग, बटणं यांबद्दल बोलताहेत, मला राईनपाड्याबद्दल बोलायचंय.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला आठवडी बाजार भरला होता. आमच्या भागातून गेलेली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथे होती. मागून खाणारी, पिढ्यान्‌पिढ्या फिरणारी. मुलं पळवणारी टोळी आली म्हणून जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जीव जाईपर्यंत मारलं. पाचही गेले. त्याच सुमारास मालेगावात दोन वर्षांच्या पोरासकट पाच जणांना पोलिसांनी कसंबसं वाचवलं.

व्हॉट्सअ‍ॅपमुळे झालं, असं सगळे म्हणाले. कंपनीनं त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच जणांना मेसेज पुढे पाठवता येईल असं केलं. चांगलं केलं. पण मला विचाराल तर मेसेज ही काडी होती. सरपण शे-दीडशे वर्षांचं साठलेलं होतं. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात तारेच्या कुंपणात अशा जमातींना डांबून ठेवायची वसाहत, सेटलमेंट, होती. माझ्या आज्यानं ती तार पाहिलेली. १९५२ मध्ये कायदा गेला, संशय राहिला. झोळी घेतलेला परका माणूस आणि लहान पोर एका चित्रात आलं की लोकांच्या डोक्यात गोष्ट आपोआप पूर्ण होते.

शकुंतला बनाजी आणि राम भट यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सतर्फे २०१९ मध्ये या मारहाणींचा अभ्यास केला. महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश अशा चार राज्यांत माणसांशी बसून बोलले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: हे अडाणीपणामुळे होत नाही. मेसेज पाठवणाऱ्यांत शिकलेले, मोबाइल चांगला चालवणारे भरपूर आहेत. खोटं असेल हे कळत असूनही पाठवतात, कारण त्या समाजाबद्दलचा आकस आधीच पक्का असतो, आणि आपण समाजाला सावध करतोय असं समाधानही मिळतं. म्हणजे सांजवातच्या काकूच.

कोरा_कागद, हा अभ्यास व्हॉट्सअ‍ॅपच्याच पैशातून झाला, हे तुमच्या आधी मीच सांगतो. तरी त्यांनी कंपनीला सोडलेलं नाही. आणि रेघ कोण ओढणार हा तुमचा प्रश्न मला कळतो. पण त्या पाच घरांतल्या बायकांना तो कसा विचारायचा ते मला कळत नाही.

कोरा_कागद

भीमाकाठ, तुमच्या शेवटच्या वाक्यापुढे माझ्याकडे उत्तर नाही. थांबतो.

ऱ्हाइनकाठ

जर्मनीत बारा वर्षं राहतेय. इथला एक अभ्यास या चर्चेत हवा असं वाटतं.

कार्स्टन म्युलर आणि कार्लो श्वार्त्स या दोन अर्थशास्त्रज्ञांनी निर्वासितांवरचे हल्ले आणि फेसबुक यांचा संबंध तपासला. निर्वासितांविरोधी पोस्ट वाढल्या की जिथे फेसबुकचा वापर जास्त त्या गावांत हल्ले जास्त वाढतात, असं दिसत होतं. पण संबंध दिसला म्हणजे कारण सापडलं असं नव्हे, म्हणून त्यांनी एक सुरेख युक्ती केली: जेव्हा जेव्हा फेसबुक बंद पडलं किंवा गावाचं इंटरनेट गेलं, तेव्हा काय झालं ते पाहिलं. त्या काळात हा संबंध विरला. राग तोच, माणसं तीच, फक्त तार तुटली होती. भीमाकाठ म्हणतात ते सरपण खरंच आहे, पण काडीलाही वजन आहे, हे मला या अभ्यासातून पटलं.

कायद्याचं म्हणाल तर इथे २०१७ मध्ये नेट्स-डीजी हा समाजमाध्यमांसाठीचा कायदा आला. उघड बेकायदा मजकूर कंपन्यांनी २४ तासांत काढावा, नाहीतर ५ कोटी युरोपर्यंत दंड, असा तो होता. त्यानं शिव्या आणि धमक्या कमी दिसायला लागल्या असतील. भीतीची सभ्य भाषा मात्र कायद्याच्या अलीकडेच उभी राहते. माझ्या शेजारच्या आजी ट्राममध्ये मला हसून जागा देतात आणि त्याच दमात 'आता शहर ओळखू येत नाही' म्हणतात. त्या क्षणी मी कुठे बसले आहे हे मला दोनदा तपासावंसं वाटतं.

खडूफळा

नंदुरबार जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. राईनपाडा आमच्यापासून लांब नाही, म्हणून लिहायला घेतलं.

त्या दिवसांत आमच्याकडे फिरत असलेला व्हिडिओ मला पाठ आहे. गल्लीत मुलं खेळताहेत, मोटारसायकलवर दोघं येतात, एकाला उचलून पसार होतात. बस, एवढंच. मूळ व्हिडिओ कराचीतल्या एका संस्थेनं पालकांना सावध करायला बनवला होता. त्यात पुढे तेच दोघं परत येतात, मुलाला खाली ठेवतात आणि फलक दाखवतात: मूल पळवायला एक क्षण पुरतो. हा शेवट कुणीतरी कापून टाकला होता.

पुढच्या वर्षी सातवीच्या वर्गात मी दोन्ही दाखवले. आधी कापलेला. वर्गात चिडीचूप. एक मुलगी म्हणाली, 'सर, हा आमच्या बापाच्या फोनात होता.' मग पूर्ण दाखवला. फलक आला तेव्हा मागच्या बाकावरचा एक पोरगा उठून उभा राहिला आणि म्हणाला, 'परत लावा.' तीन वेळा लावला. तिसऱ्यांदा मुलंच ओरडून सांगत होती, 'इथे कापलं, इथे!'

हे एका तासाचं काम नाही, हे मी अनुभवानं सांगतो, आणि संशोधनही तेच सांगतं. सुमित्रा बद्रीनाथन यांनी २०१९ च्या निवडणुकीच्या वेळी बिहारमध्ये १,२२४ जणांवर प्रयोग केला. घरी जाऊन तासभर खोट्या बातम्या कशा ओळखायच्या ते शिकवलं. फरक जवळपास पडला नाही. काही जणांच्या बाबतीत तर आपल्या पक्षाला सोयीची खोटी बातमी ओळखणं उलट कमीच झालं. पण पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बिहार सरकारच्या मदतीनं ५८३ गावांतल्या १३,५०० मुलांचा प्रयोग केला आणि त्यातल्या एका गटाला चार महिने वर्गात हे शिकवलं. विषय राजकारणाचा नव्हता, आरोग्याचा होता: कोणतं औषध खरं, कोणता उपचार थोतांड. मुलं खरं-खोटं चांगलं ओळखायला लागली. चार महिन्यांनी पुन्हा विचारलं तेव्हाही ते टिकलं होतं आणि राजकीय बातम्यांनाही लागू पडलं होतं. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे त्यांच्या आईबापांतही फरक पडला होता. मोठ्यांच्या मनात घरच्या मुलाच्या हातूनच शिरता येतं असं मला वाटतं. आमच्या त्या मुलीच्या बापानं व्हिडिओ पुसला का ते मला माहीत नाही, पण तिनं त्याला शेवट दाखवला होता.

हडसर

खडूफळा सर, हे वेगळा धागा काढून लिहा. फार मोलाचं आहे.

कोरा_कागद

सर, हे वाचून माझं मत थोडं हललं. मला बंदी नको होती आणि अजूनही नको. वर्ग हवा असेल तर मी तुमच्या बाजूला आहे.

एक मात्र नोंदवतो. एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्याला दोन साधू आणि त्यांचा चालक मारला गेला, तेव्हा तिथेही आधी चोर आणि मुलं पळवणाऱ्यांच्याच अफवा होत्या. पण दोन दिवसांत नेटवर त्याला धर्माचा रंग दिला गेला, इतका की गृहमंत्र्यांना अटक झालेल्या १०१ जणांची नावं जाहीर करून त्यात एकही मुस्लिम नाही हे सांगावं लागलं. पहिल्या भीतीनं तीन माणसं मारली आणि त्यांच्याच मरणावर दुसरी भीती पोसली गेली. या दुसऱ्या टप्प्यावर मराठीत कुणी नीट अभ्यास करावा असं फार वाटतं.

सांजवात

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण आधी ग्रुपवर लिहायचं होतं.

झुरिकच्या संशोधकांचा २०२१ चा एक प्रयोग वाचला होता. ट्विटरवर वर्णद्वेषी लिहिणाऱ्या १,३५० जणांमधल्या तीन गटांना तीन तऱ्हांनी उत्तरं दिली. काहींना विनोदानं, काहींना 'तुमच्या घरचेही हे वाचतील' असं बजावून, काहींना 'असं वाचून त्या माणसाला किती लागतं' हे सांगून. फक्त तिसऱ्यानं फरक पडला, तोही थोडा. थोडा का होईना, म्हणून मी तसंच लिहिलं. काकूंचं नाव घेतलं नाही, आकडे खोडले नाहीत. एवढंच लिहिलं की चाचा अकरा वर्षं आपल्याकडे येतात, २०१९ मध्ये रद्दीत चुकून गेलेली आमच्या घराच्या कागदपत्रांची फाइल त्यांनीच परत आणून दिली, आणि सोमवारी ते फाटकावर पाऊण तास उभे होते.

बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग दोघांनी अंगठा दाखवला. सेक्रेटरींनी सगळ्या फेरीवाल्यांसाठी ओळखपत्राचा नियम आणला, सगळ्यांसाठी सारखा. तेवढं झालं. हडसर, तुम्ही म्हणालात तसं त्या ग्रुपमध्ये त्या वस्तीतलं कुणीच नाही, त्यामुळे तो मेसेज अजूनही तिथे निर्मळच आहे.

चाचा मात्र आले नाहीत. काल गठ्ठा स्कूटरवर टाकून मीच भद्रकालीत त्यांच्या गाळ्यावर गेले. त्यांनी काटा लावला, साडेसात किलो भरलं, पैसे मोजून दिले, चहा मागवला. सोसायटीबद्दल एक शब्द काढला नाही. फक्त मुलीच्या परीक्षेचं विचारलं.

संध्याकाळी लिफ्टमध्ये काकू भेटल्या. म्हणाल्या, 'तू रद्दी आता कुठे देतेस गं?' मी सांगितलं. तिसरा मजला येईपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत.